बोट चापावर नसताना सुटणारी गोळी
शिकारी रायफलमधील सदोष चाप : कारणे, इतिहास आणि बदलण्याची पद्धत

अमेरिकेतील मोंटाना राज्यात ऑक्टोबर २००० मध्ये एक कुटुंब शिकारीहून परतले होते. आई रायफल रिकामी करू लागली. तिने सेफ्टीची कळ पुढे सरकवली आणि त्याच क्षणी गोळी सुटली. समोर घोडे वाहून नेणारी गाडी होती. गोळी तिच्या पत्र्यातून आरपार गेली आणि पलीकडे असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाचा प्राण घेऊन गेली. आपले बोट चापावर नव्हतेच, असे त्या मातेचे सांगणे होते. रायफल होती रेमिंग्टन कंपनीची ‘मॉडेल ७००’, म्हणजे अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या शिकारी रायफलींपैकी एक.

चाप न ओढता बंदूक उडणे हे वरवर पाहता अशक्य वाटते. प्रत्यक्षात मात्र चापाच्या यंत्रणेतील अर्ध्या मिलीमीटरच्या फरकाने ते घडू शकते. असा दोष कसा निर्माण होतो, तो दुरुस्त करण्याऐवजी संपूर्ण चापच का बदलावा लागतो आणि बदलल्यानंतर कोणती तपासणी आवश्यक असते, याचा हा परिचय.

चापाचे कार्य

बोल्ट अॅक्शन रायफलमध्ये दाराच्या कडीसारखा एक दांडा हाताने वर उचलून मागे ओढला जातो आणि पुन्हा पुढे ढकलून खाली दाबला जातो. या दांड्याला बोल्ट म्हणतात. बोल्ट पुढे जाताना नवे काडतूस नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या चेंबरमध्ये बसवतो. बोल्टच्या पोटात एक जोरदार स्प्रिंग आणि फायरिंग पिन असते. ही पिन काडतुसाच्या बुडावर आदळली, की गोळी सुटते.

पिन आदळू नये म्हणून तिला एक लहानसा पोलादी अडसर रोखून धरतो. त्याला ‘सिअर’ म्हणतात. सिअर स्वतः एका टेकूवर उभा असतो. चाप ओढल्यावर हा टेकू सरकतो, सिअर खाली पडतो आणि पिन मोकळी होते. म्हणजेच चाप गोळी उडवत नाही. ताणून धरलेल्या शक्तीखालचा आधार तो काढून घेतो. हा आधार अन्य कोणत्याही कारणाने सरकला, तर चापाला स्पर्श न होताही परिणाम तोच होतो.

वॉकर यांची रचना

रेमिंग्टनचे अभियंते माइक वॉकर यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर एक नवी चापयंत्रणा तयार केली. १९४८ मध्ये ‘मॉडेल ७२१’ व ‘७२२’ या रायफलींतून ती बाजारात आली आणि १९६२ पासून ‘मॉडेल ७००’ मध्ये वापरली गेली. चाप हलका, स्वच्छ आणि झटका न देता सुटणारा असल्याने नेमबाज तिच्यावर खूश होते. अमेरिकी लष्कराची ‘एम-२४’ आणि मरीन दलाची ‘एम-४०’ या दूरवेधी रायफली याच ‘मॉडेल ७००’ च्या पायावर उभारलेल्या आहेत. रायफलच्या अचूकपणाविषयी कधीच वाद नव्हता.

वाद होता तो ‘कनेक्टर’ नावाच्या एका छोट्या पट्टीविषयी. वॉकर यांच्या रचनेत सिअरला आधार देणारा टेकू चापाचाच भाग नव्हता. तो वेगळा होता, चापाला पक्का जोडलेला नव्हता आणि केवळ स्प्रिंगच्या दाबाने चापाला चिकटून राहत असे. प्रत्येक वेळी गोळी सुटताना खाली येणारा सिअर या पट्टीला पुढे ढकलतो आणि पट्टी व चाप यांच्यामध्ये क्षणभर फट पडते. त्या फटीत धुळीचा कण, धातूचा कीस, गोठलेले तेल किंवा गंज शिरला, की पट्टी आपल्या जागी पूर्णपणे परतत नाही. सिअर मग पट्टीच्या अगदी काठावर तोलून राहतो.

सेफ्टीची कळ मागे असताना ती सिअरला किंचित वर उचलून धरते. त्या काळात चापाला धक्का लागून पट्टी सरकली आणि परत आली नाही, तरी काही जाणवत नाही, कारण सिअर सेफ्टीच्या आधारावर असतो. सेफ्टी काढताच मात्र सिअर खाली येतो आणि खाली टेकूच नसतो. अशा वेळी गोळी सुटते ती सेफ्टी काढणाऱ्या बोटामुळे. याशिवाय बोल्ट उघडताना, बोल्ट बंद करताना किंवा दस्त्याला धक्का बसताच गोळी सुटणे, असे आणखी तीन प्रकार नोंदले गेले आहेत.

१९८२ पूर्वीच्या रायफलींत आणखी एक अडचण होती. सेफ्टी लावलेली असताना बोल्ट कुलूपबंद राहत असे. त्यामुळे रायफल रिकामी करायची, तर आधी सेफ्टी काढणे भागच होते. मोंटानातील मातेने नेमके तेच केले होते.

ठाऊक असलेला दोष

या दोषाची शंका कंपनीत प्रारंभापासूनच होती. खुद्द वॉकर यांनी १९४८ मध्ये सुधारणा सुचवली होती; तिचा खर्च प्रत्येक रायफलमागे साडेपाच सेंट इतका होता. ती स्वीकारली गेली नाही. १९७७ मध्ये टेक्सासमधील एका वकिलाला ‘मॉडेल ६००’ जातीच्या रायफलमधून सेफ्टी काढताना सुटलेली गोळी लागली आणि तो कायमचा पंगू झाला. कंपनीने ६८ लाख डॉलर देऊन तो दावा मिटवला आणि १९७८ मध्ये त्या जातीच्या सुमारे दोन लाख रायफली परत मागवल्या.

‘मॉडेल ७००’ च्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. दोष उद्भवू शकेल अशा वीस हजार रायफली शोधण्यासाठी वीस लाख रायफली गोळा कराव्या लागतील, असा हिशेब जानेवारी १९७९ मधील अंतर्गत बैठकीच्या नोंदीत मांडलेला आढळतो. बंदूक हे अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या कक्षेबाहेरचे उत्पादन आहे. १९७२ च्या कायद्यानेच ते वगळलेले आहे. सदोष पाळणा किंवा इस्त्री बाजारातून काढून घेण्याचा आदेश देता येतो, सदोष बंदूक काढून घेण्याचा नाही. त्यामुळे निर्णय कंपनीच्याच हाती राहिला.

२०१० मध्ये ‘सीएनबीसी’ वाहिनीने यावर माहितीपट दाखवला. पुढे सामूहिक दावा उभा राहिला आणि मिसुरीतील संघीय न्यायालयाने २०१७ मध्ये तडजोडीला मान्यता दिली. सुमारे ७५ लाख बंदुका तिच्या कक्षेत होत्या. बहुसंख्य मालकांना नवा चाप विनामूल्य, तर काही जुन्या मॉडेलच्या मालकांना केवळ खरेदीचे कूपन मिळणार होते. रायफल सुरक्षित असून अपघात देखभालीच्या वा हाताळणीच्या चुकांमुळे होतात, ही भूमिका कंपनीने अखेरपर्यंत सोडली नाही. तडजोडीतही दोष मान्य केलेला नाही. अर्ज करण्याची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत निघून तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. परिणामी ज्यांनी चाप बदलून घेतला नाही, अशा जुन्या रायफली आजही घराघरांत आहेत आणि चाप बदलण्याचा खर्च आता मालकाच्याच माथी आहे.

दुरुस्ती नव्हे, बदल

जुन्या चापाला समायोजनाचे तीन स्क्रू असतात. एकाने चापाचा ताण, दुसऱ्याने चाप सुटल्यानंतरची त्याची हालचाल आणि तिसऱ्याने सिअरची टेकूवरील पकड ठरते. चाप अधिक हलका करण्याच्या हौसेपोटी अनेक मालक हे स्क्रू फिरवतात आणि आधीच कमी असलेली पकड आणखी कमी करतात. यंत्रणा धुऊन साफ केल्याने धोका काही काळ टळतो. परंतु फट निर्माण करणारी पट्टी कायम राहते. दोष रचनेत असेल, तर स्वच्छता हा उपाय नव्हे.

रायफलमध्ये कोणता चाप आहे, हे ओळखण्याची सोपी खूण आहे. वॉकर पद्धतीच्या चापाच्या पुढच्या बाजूवर उभ्या रेघा असतात. २००६ पासून आलेल्या ‘एक्स-मार्क प्रो’ या चापाचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. या नव्या चापात वेगळी पट्टी नाही. तथापि मे २००६ ते एप्रिल २०१४ या काळातील हे चापही परत मागवावे लागले, कारण जोडणीच्या वेळी वापरलेला चिकट पदार्थ जादा झाल्याने यंत्रणा अडकण्याचा संभव होता. म्हणून त्या काळातील रायफलचा क्रमांक पडताळून पाहणे आवश्यक ठरते. टिमनी, ट्रिगरटेक, ज्युएल आदी उत्पादकांचे स्वतंत्र चापही मिळतात.

बदलण्याचे काम बंदुका दुरुस्त करणाऱ्या जाणकार कारागिराकडेच सोपवावे. त्याची पद्धत माहीत असली, म्हणजे काम नीट झाले की नाही हे मालकाला समजते. प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून केली जाते. काडतुसे त्या खोलीतही ठेवली जात नाहीत. बोल्ट काढून, स्क्रू सोडवून लाकडी दस्ता वेगळा केला की चापाची डबी दिसते. ती दोन आडव्या पिनांनी मुख्य सांगाड्याला लटकलेली असते. पिना हळुवार ठोकून बाहेर काढल्या की डबी सुटते. बोल्ट अडवून धरणारी छोटी स्प्रिंगही याच वेळी निसटते. ती हरवली अथवा उलटी बसली, तर बोल्ट हातात निघून येतो. नवी डबी त्याच पिनांवर बसवतात. दस्ता पुन्हा चढवल्यावर त्याचे लाकूड चापाला वा सेफ्टीच्या कळीला घासत नाही ना, हे पाहावे लागते. घासत असेल, तर नवा चापही जुन्यासारखाच अडकू शकतो.

शिकारीच्या रायफलीसाठी चापाचा ताण साधारण दीड किलोच्या आसपास ठेवणे शहाणपणाचे. थंडीत हातमोजे घालून, धापा टाकत चालणाऱ्या माणसाच्या हाती स्पर्धेतला अतिहलका चाप धोक्याचाच.

तपासणी

नव्या चापाची परीक्षा रिकाम्या रायफलवर अशी घेतात. बोल्ट अनेकदा जोराने बंद करावा. पिन सुटल्याचा ‘टक्’ आवाज येता कामा नये. सेफ्टी लावून चाप दाबावा, सोडावा आणि मग सेफ्टी काढावी. तेव्हाही आवाज येऊ नये. बोल्ट चढवलेल्या स्थितीत दस्त्याची मागील बाजू जाड रबरावर आपटून पाहावी. यांपैकी एका परीक्षेत जरी रायफल अनुत्तीर्ण झाली, तरी ती वापरू नये. परंतु उत्तीर्ण होणे ही पूर्ण हमी नाही. जुन्या चापाचा दोष शेकडो वेळा लपून एखाद्याच वेळी प्रकट होतो. प्रयोगशाळेत तो पुन्हा घडवून दाखवता न आल्याने कित्येक तक्रारदारांना ‘बोट चापावर असेलच’ असे उत्तर ऐकावे लागले.

आपल्याकडे

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीला स्थान उरलेले नाही. तथापि परवानाधारकांकडे ईशापूर कारखान्याच्या ‘३१५ बोअर’ सारख्या बोल्ट अॅक्शन रायफली आहेत. त्यांचा चाप वेगळ्या, लष्करी घाटाचा आहे. परंतु वर्षानुवर्षे कपाटात राहून गोठलेले तेल आणि गंज यांचा नियम त्यांनाही लागू पडतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो. त्यामुळे चाप घरी उघडण्याचा मोह टाळून परवानाधारक दुकानदाराकडे जाणे, हाच कायदेशीर आणि सुरक्षित मार्ग होय.

सेफ्टी हीसुद्धा एक यंत्रणाच आहे आणि यंत्रणा बिघडते. नळीचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे मात्र धरणाऱ्याच्या हातात असते. पत्र्यापलीकडे, भिंतीपलीकडे, झुडपापलीकडे कोणी असू शकते, हे ध्यानात ठेवूनच रायफल रिकामी करावी. सदोष चाप बदलता येतो. सुटलेली गोळी परत बोलावता येत नाही.