आयनमार्ग : भ्रूणविकास आणि ऊतींचे आरोग्य

पेशीच्या पटलात आरपार बसलेली आणि ठरावीक आयनांनाच वाट देणारी प्रथिने म्हणजे आयनमार्ग. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम व क्लोराइड यांची ये-जा त्यांतून होते.

या मार्गांचा अभ्यास म्हाकुल (स्क्विड) या समुद्री प्राण्यामुळे शक्य झाला. म्हाकुलाच्या कुळात एक असाधारण जाड चेतातंतू असतो. काही जातींत तो सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर भरतो, त्यामुळे त्यात तार सरकवून विद्युत्‌दाब मोजता येतो. अ‍ॅलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सली यांनी त्यावरच प्रयोग करून १९५२ मध्ये चेतावेगाचे गणित मांडले आणि १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळवले. एकेका मार्गातला प्रवाह एर्विन नेहर व बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये मोजला.

या इतिहासामुळे आयनमार्ग हा केवळ मज्जासंस्थेचा विषय वाटतो. हा समज सोडायला हवा. सी अर्चिन या समुद्री प्राण्याच्या अंड्यात पहिला शुक्राणू शिरताच सोडियम आत येतो, काही सेकंदांत विद्युत्‌दाब ऋणाचा धन होतो आणि दुसऱ्या शुक्राणूला अटकाव होतो. पुढे अवयवांचा आकारही आयनमार्गांवर अवलंबून असतो. झेब्राफिशमध्ये पोटॅशियमचा एक मार्ग अतिक्रियाशील झाला, की पर प्रमाणाबाहेर लांबतात. हे २०१४ मध्ये दाखवले गेले. ज्या पेशींत हा मार्ग काम करतो त्या चेतापेशी नाहीत, हे येथे महत्त्वाचे.

माणसातील पुरावा अधिक बोलका आहे. अँडरसन–टाविल विकारात बहुतेकदा पोटॅशियमच्या एका मार्गाचे प्रथिन घडवणाऱ्या ‘केसीएनजे२’ या जनुकात दोष असतो. त्यामुळे अधूनमधून स्नायू लुळे पडतात, हृदयाची लय बिघडते. शिवाय जबडा लहान, डोळ्यांत अंतर जास्त आणि करंगळी वाकडी असते. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये क्लोराइडचा मार्ग बिघडून फुप्फुसांतला श्लेष्मा घट्ट होतो. बहुतेक पुरुष रुग्णांत शुक्रवाहिनीही नसते. एकच प्रथिन अवयवांच्या घडणीला आणि त्यांच्या निरोगीपणाला लागते, याचे हे स्पष्ट उदाहरण.

म्हणून मुलाला वारंवार लुळेपणा किंवा मूर्च्छा येत असेल आणि जबड्याची वा बोटांची ठेवण वेगळी असेल, तर डॉक्टरांनी दोन्ही लक्षणे एकत्र पाहावीत आणि हृदयाचा ईसीजी अवश्य काढावा.