राक्षस चालेल, पण वाट चार दिवसांचीच हवी

गोष्टीत राक्षस आला तर कुणी हरकत घेत नाही. पण जाताना चार दिवस लागलेली वाट नायकानं परत येताना तासाभरात तुडवली, तर ऐकणारं लहान मूलसुद्धा विचारतं, ‘असं कसं?’ गोष्टीवर विश्वास बसणं आणि गोष्टीत थरार असणं यांचं नातं या प्रश्नात आहे. ते नीट उलगडून दाखवलं, ते ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन खेळानं.

या खेळात चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक सूत्रधार. तो सांगतो, ‘तुम्ही भुयारात आहात, समोर बंद दार आहे.’ बाकीच्यांपैकी कुणी योद्धा असतो, कुणी जादूगार. आपलं पात्र आता काय करेल, हे ज्याचं त्यानं सांगायचं. जमलं की फसलं, हे बऱ्याचदा फासे ठरवतात. बाकी सारा खेळ बोलण्यातच चालतो.

या खेळाची मुळं लष्करी सरावात आहेत. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ या अधिकाऱ्यानं नकाशावर लढाई खेळण्याची पद्धत रूढ केली. तिथं निवाडा द्यायला पंच असे. पुढं हौशी मंडळींनी हा प्रकार उचलला. १९६९ साली मिनेसोटात डेव्हिड वेझली यांनी नेपोलियनच्या काळातलं एक जर्मन गाव कल्पिलं आणि खेळाडूंना फौजांबरोबर गावातल्या माणसांच्या भूमिकाही दिल्या. मंडळी आपापसातल्या कारस्थानांत इतकी रमली, की लढाई राहूनच गेली. वेझलींना वाटलं, डाव फसला. खेळाडू मात्र म्हणाले, ‘पुन्हा खेळू या!’

याच मंडळींत डेव्ह आर्नेसन होते. त्यांनी १९७१ च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ नावाचा मुलूख रचला. तिथं एक किल्ला होता आणि त्याच्याखाली भुयारं. खेळाडू खजिन्याच्या मागं भुयारांत रमले, बचावाकडं दुर्लक्ष झालं आणि किल्ला शत्रूच्या हाती गेला. आर्नेसन यांनी तो निकाल फिरवला नाही. वीरांना हद्दपार व्हावं लागलं. खेळाडू पाहत नसले तरी ते जग चालूच होतं. म्हणूनच तिथला प्रत्येक निर्णय अंगावर येत असे.

विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाचे गॅरी गायगॅक्स आर्नेसन यांना येऊन मिळाले आणि जानेवारी १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांची पेटी बाजारात आली. पहिली आवृत्ती सुमारे हजार प्रतींची. आत ड्रॅगन होते, मंत्र होते. पण पाठीवर किती ओझं, याचाही हिशेब होता. सहा फेऱ्यांमागं एक फेरी विश्रांतीची होती. नवख्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र. वापरला की संपला. रानातल्या प्रवासासाठी तर रानात तग धरण्यावरच्या दुसऱ्याच एका खेळाचा पट वापरा, असं सुचवलं होतं. मंत्र एकच असला, की तो कधी वापरायचा हा प्रश्न जिवावरचा होतो. मर्यादा आली, की रंग चढतो.

१९७५ च्या पुरवणीत लोखंड गंजवून खाणारा एक प्राणी आला. त्याची कल्पना प्लॅस्टिकच्या एका स्वस्त खेळण्यावरून सुचली होती. मरणाला न भिणारे योद्धे याला भिऊ लागले, कारण कष्टानं मिळवलेलं चिलखत तो क्षणात मातीमोल करी. प्राणी सर्वस्वी खोटा. पण गंज आपल्या ओळखीचा आहे.

इंग्रज लेखक टोल्किन यांनी १९३९ च्या एका व्याख्यानात हाच मुद्दा मांडला होता. हिरवा सूर्य आहे, असं म्हणणं सोपं; तो जिथं पटेल असं जग उभारणं अवघड.

मग जितके बारकावे अधिक, तितकं जग पटणारं, असं म्हणायचं का? तसंही नाही. १९७९ च्या सूत्रधारांसाठीच्या ग्रंथात गायगॅक्स यांनी खेळातल्या काळाची काटेकोर नोंद ठेवायला बजावलं. त्याच ग्रंथात त्यांनी असंही स्पष्ट केलं, की हा खेळ म्हणजे वास्तवाची नक्कल नव्हे. वरवर पाहता हा विरोधाभास वाटेल. पण ‘खरं असणं’ वेगळं आणि ‘पटणं’ वेगळं. पटण्यासाठी जगानं आपले नियम पाळले, की पुरे. प्रत्येक नाण्याचं वजन मोजत बसलं, तर थरार वहीतच मरतो.

१९८० च्या दशकात अमेरिकेत काही पालक आणि धार्मिक गट या खेळावर तुटून पडले. मुलं कल्पनेतलं जग खरं मानू लागतील, ही त्यांची भीती होती. मुलांची काळजी रास्त होती, पण निदान चुकलं होतं. ड्रॅगन नाही, हे खेळणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. त्याचा भरवसा ड्रॅगनवर नसतो, सूत्रधाराच्या न्यायावर असतो. आपण चुकलो तर फळ भोगावं लागेल आणि शहाणपणानं वागलो तर त्याचं चीज होईल, हा तो भरवसा. लाडक्या खेळाडूला वाचवायला सूत्रधारानं गुपचूप फासा फिरवला आणि ते इतरांच्या ध्यानात आलं, की ड्रॅगन कितीही मोठा असो, त्याला कुणी भीत नाही.

२०२४ साली या खेळाला पन्नास वर्षं झाली. गायगॅक्स २००८ मध्ये गेले, आर्नेसन २००९ मध्ये. आज संगणकावर डोळे दिपवणारी मायानगरी क्षणात उभी राहते. तिथंही खेळणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो: मी काही केलं, तर इथं काही बदलेल का?