तळटीप १७ : 'जर्मन साहेबाची कौलं'

१७. लेखक उद्यमबागेतल्या शेडवरच्या मंगळुरी कौलांना हे नाव देतात, ते अगदीच चूक नाही. बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्टने मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. साहेब जर्मन असला तरी राज्य इंग्रजांचे, त्यामुळे १९१४ च्या युद्धात मिशनचे जर्मन पाद्री शत्रू ठरले आणि अनेकांना अहमदनगरच्या छावणीत डांबले गेले. मिशनऱ्यांच्या घरातले जुने फोटो आता बासेलच्या दप्तरखान्यात पाहता येतात. व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, कडक कॉलर. पोरांची नावे व्यवस्थित टिपलेली. त्यांना कडेवर घेतलेल्या आयेचे नाव मात्र बहुधा सापडत नाही.