चिलीम, गुडगुडी आणि एक जुनी आशा

माणसाला एखादे व्यसन जडले, की तो त्यासाठी आधी साधन शोधतो आणि मग त्या साधनाच्या भरवशावर निर्धास्त होतो. तंबाखूच्या इतिहासात या खोडीचे नमुने मला पानोपानी भेटले.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली. विजापुरास वकिलीवर गेलेल्या असद बेगाने १६०४च्या सुमारास ती एका रत्नजडित नळीसह अकबरापुढे ठेवली. हकिमाने हरकत घेतली. बादशहाने तरी झुरके घेतलेच. धूर पाण्यातून ओढला म्हणजे निर्दोष होतो, ही युक्ती हकीम अबुल फतह गिलानी यांची, असे सांगतात. मौज अशी, की हे हकीमसाहेब १५८९ सालीच निवर्तले होते! पुढे १६१७त जहांगीराने बंदी फर्मावली; हुक्का मात्र गुडगुडतच राहिला.

आमचे रिसोड वऱ्हाडातले. १८५३च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला; तोवर आम्ही आणि बिदर एकाच निजामाच्या अमलाखाली. जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यात चांदीची नक्षी ठोकायची आणि बिदर किल्ल्यातल्या मातीने त्याला काळे करायचे, ही बिदरी कारागिरी. अशी हुक्क्याची बैठक म्हणजे वाड्याचे भूषण. पण ज्याची जशी गरज, तसे त्याचे साधन. ऐसपैस बसणाऱ्याला हुक्का; ओसरीवरच्या म्हाताऱ्याला नारळाच्या कवटीची गुडगुडी; शेतकऱ्याला कुंभाराच्या आव्यातली चिलीम, आत खडा आणि तोंडाशी ओली छापी. मजुराला टेंभुर्णीच्या पानाची विडी. काडी ओढली की काम झाले.

माझ्या आजोबांकडे गुडगुडी होती. तिचे काळपट, उग्र पाणी रोज आजी ओतून टाकी आणि म्हणे, "एवढं पाण्यात उतरलं, तं छातीत किती गेलं असन?" आजोबा हसत, त्यांचा खोकला मात्र अखेरपर्यंत थांबला नाही.

आजीचा हिशेब बरोबर होता. पाण्याने धूर थंड होतो, शुद्ध होत नाही. वर निखाऱ्याचा विषारी वायू असतोच. आता पाला न जाळता विजेवर तापवून वाफ ओढण्याची यंत्रे निघाली आहेत, आणि आपल्याला कोणते सोयीचे याची चिकित्सा चालते. धूर कमी होईल. पण तंबाखूतले निकोटिन वाफेतूनही येतेच. महाराष्ट्राने २०१८त हुक्कागृहांवर आणि केंद्राने २०१९त ई-सिगारेट व तंबाखू तापवणाऱ्या उपकरणांच्या विक्रीवर बंदी घातली. यंत्र नवे, आशा मात्र हकीमसाहेबांच्या नावावर खपवलेलीच!

वाचकहो, दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावर बिदरी बैठक सापडली, तर तिला तेलाचा हात द्या. काळा रंग खुलेल, चांदी उजळेल. मग तिच्यात पाणी भरा आणि झेंडूची चार फुले ठेवा. त्या पाण्याचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही.