पीडीपी-१ पुन्हा चालू करताना

मागच्या वेळी आपण पोथ्यांच्या पाठभेदांविषयी बोललो. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, पोथी निदान वाचता तरी येते. पण जी गोष्ट वाचता येत नाही, फक्त चालवता येते, तिचा इतिहास कसा लिहायचा?" आम्ही तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. घरी जाताना लक्षात आलं की प्रश्न आपल्याला उत्तर देता येण्यासारखा नव्हता. आजचं व्याख्यान हे त्या उत्तराचं कर्ज आहे.

उदाहरण घेऊ या एका यंत्राचं. नाव पीडीपी-१. केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन या दोघांनी १९५७ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड गावी, लोकरीच्या एका जुन्या गिरणीच्या इमारतीत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन नावाची कंपनी काढली. भांडवल सत्तर हजार डॉलर. पैसे देणाऱ्यांना 'कॉम्प्युटर' या शब्दाचीच धास्ती होती, कारण त्या धंद्यात भले भले हात पोळून बसले होते. म्हणून यंत्राचं नाव ठेवलं 'प्रोग्रॅम्ड डेटा प्रोसेसर'. नावात कॉम्प्युटर नाही, तेव्हा काळजी नाही! १९५९च्या अखेरीस पहिलं यंत्र तयार झालं. किंमत सुमारे १,२०,००० डॉलर. एकूण ५३ यंत्रं बनली.

'मिनीकॉम्प्युटर' हा शब्द नंतर आला आणि १९६५च्या पीडीपी-८ या १८,००० डॉलरच्या यंत्राबरोबर रुळला. पीडीपी-१ हा त्या घराण्याचा मूळ पुरुष. मिनी म्हणून तुमच्या डोळ्यांसमोर काही लहानसं येत असेल तर ते पुसून टाका. माणसाच्या उंचीची कपाटं ओळीनं उभी, वजन जवळजवळ पाऊण टन. हे 'लहान' कशाच्या मानानं, तर ज्यांना अख्खा दिवाणखाना लागायचा त्यांच्या मानानं.

पण या यंत्राचं महत्त्व आकारात नाही. त्या काळी मोठ्या कॉम्प्युटरला सामान्य माणूस भेटतच नसे. तुम्ही कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि उत्तरासाठी उद्या यायचं, रेशनच्या दुकानासारखं. पीडीपी-१समोर मात्र माणूस स्वतः बसायचा. टाइपरायटर, खटक्यांची आणि दिव्यांची पाटी, कागदी फीत वाचणारं उपकरण आणि एक गोल पडदा. चूक झाली तर तिथल्या तिथे समजे, तिथल्या तिथे सुधारता येई. एमआयटीला असं एक यंत्र १९६१ साली भेट मिळालं, आणि १९६२ साली स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी त्यावर 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. मध्ये सूर्य, त्याचं गुरुत्वाकर्षण, दोन यानं, एकमेकांवर मारा. मागचं आकाश पीटर सॅमसननं केलं, आणि तेही मनचे ठिपके टाकून नव्हे. खरे तारे, आपापल्या जागी, कमी-जास्त तेजाचे.

आज जगात तीन पीडीपी-१ शिल्लक असल्याचं ज्ञात आहे. तिन्ही कॅलिफोर्नियात, माउंटन व्ह्यू इथल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमकडे. त्यांतलं एक, ५५ क्रमांकाचं, या शतकाच्या पहिल्या दशकात स्वयंसेवकांनी सुमारे दोन वर्षं खपून पुन्हा चालतं केलं. आता तुम्ही म्हणाल, प्लग लावला, बटण दाबलं, दोन वर्षं कशाला? तर गोष्ट तिथेच सुरू होते. अनेक वर्षं पडून असलेल्या यंत्राचा प्लग लावणं हा त्याला मारण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

का, ते बघा. पॉवर सप्लायमध्ये मोठमोठे कपॅसिटर असतात. त्यांच्यात अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, आणि तो थर हेच त्यांचं काम. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की थर झिजतो. एकदम पूर्ण दाब दिला तर कपॅसिटर तापतो, फुगतो, फुटतोही. म्हणून काय करतात? पॉवर सप्लाय बाकीच्या यंत्रापासून सोडवतात. मग थोडा दाब देतात, थांबतात, थोडा वाढवतात. आपल्या कॉलेजांच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत डिमरस्टॅट असतो ना, त्याच्यासारख्या साधनानं हे तासन्‌तास चालतं. हळूहळू तो थर पुन्हा धरतो. लांबच्या उपासानंतर माणसाला आधी पेज देतात, तसं. मग मोजमाप. दाब स्थिर राहतो का, पंखे फिरतात का. आणि हे सगळं समाधानकारक झाल्यावरच सर्किटांच्या छोट्या छोट्या पाट्या जोडायच्या. पीडीपी-१मध्ये २,७०० च्या आसपास ट्रान्झिस्टर आहेत, आणि त्यांतले बरेचसे जर्मेनियमचे, जे आता कुणी बनवत नाही.

त्यात पुन्हा आराखड्यांची अडचण. डीईसीच्या यंत्रांत विकल्यानंतरही कारखान्याचे तंत्रज्ञ दुरुस्त्या करत. इथे एक तार काढ, तिथे एक जोड. म्हणजे छापील आराखडा एक सांगणार आणि समोरचं यंत्र दुसरं. मागच्या व्याख्यानाला असलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर काम करणाऱ्या विद्वानांपुढे जो प्रश्न होता, तोच इथे सोल्डरिंगची डाग हातात घेतलेल्या माणसापुढे आहे. हा फरक चूक आहे, की कुणीतरी जाणून केलेला बदल? तिथे चुकीचा पाठ तळटिपेत तरी ठेवता येतो. इथे चुकलं तर ट्रान्झिस्टर जातो.

आणि आता ज्यासाठी आम्ही हे उदाहरण निवडलं तो भाग. या यंत्राची स्मृती. कोअर मेमरी म्हणतात तिला. फेराइटच्या बारीक बारीक कड्या, त्यांच्यातून ओवलेल्या तारा. प्रत्येक कडीत एक बिट. कडीचं चुंबकत्व या दिशेला असेल तर शून्य, त्या दिशेला असेल तर एक. पीडीपी-१चा एक शब्द १८ बिटांचा आणि स्मृती ४,०९६ शब्दांची, म्हणजे ७३,७२८ कड्या. अशा स्मृती त्या काळी बहुतेक हातांनी ओवल्या जात, आणि ते हात बहुधा बायकांचे असत.

या कड्यांना लक्षात ठेवायला वीज लागत नाही. यंत्र बंद केलं, वर्षं लोटली, तरी कडी जशी होती तशी राहते. असं सांगतात की डीईसीचे लोक यंत्र तपासायला 'स्पेसवॉर' चालवत आणि तो खेळ स्मृतीत तसाच ठेवून यंत्र पाठवून देत. गिऱ्हाइकाकडे जाऊन चालू केलं की खेळ हजर. म्हणजे तत्त्वतः, गोदामात पडलेल्या यंत्रात शेवटच्या दिवसाचा शेवटचा विचार शिल्लक असू शकतो. हे ऐकून आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसाला काय वाटलं असेल ते समजून घ्या!

पण निसर्ग एवढा उदार नाही. कडीत काय आहे ते वाचण्याची एकच रीत आहे, तिला शून्याकडे ढकलायचं आणि ती वळली का ते बघायचं. वळली तर एक होता, आता तो उरला नाही. म्हणून वाचलं की लगेच यंत्र ते पुन्हा लिहून ठेवतं. प्रत्येक आठवण ही पुसणं आणि पुन्हा लिहिणं. पुन्हा लिहिणारं सर्किट नादुरुस्त असेल तर? मग तुम्ही जे वाचाल ते नाहीसं होईल. स्मृती शाबूत आहे का हे तपासण्यातच ती जाऊ शकते. म्हणून जाणता माणूस बाकी सगळं धड असल्याची खात्री होईपर्यंत स्मृतीला हात लावत नाही. आणि बऱ्याचदा इतकं करूनही हाती लागतो तो निरर्थक आकड्यांचा ढीग, कारण चालू-बंद होतानाच्या एखाद्या झटक्यानं आधीच घोळ करून ठेवलेला असतो.

इथे आमच्या एका मित्राचा आक्षेप सांगितला पाहिजे. तो म्हणतो, एवढा खटाटोप हवा कशाला? 'स्पेसवॉर' आज कुठल्याही लॅपटॉपवर चालतो. जुन्या यंत्राची तंतोतंत नक्कल करणारे प्रोग्रॅम आहेत. मूळ यंत्र काचेआड ठेवा, धूळ पुसा, विषय संपला. शिवाय दुरुस्त करताना तुम्ही भाग बदलता, म्हणजे पुरावा बिघडवता.

दुसरा मुद्दा वजनदार आहे. मिलिंद राजाच्या रथाची चर्चा आम्ही वर्गात तीस वर्षं केली, पण वर्गात कुणाच्या हातात पाना नसतो. बदललेला प्रत्येक भाग नोंदवून, चिठ्ठी लावून जपावा, जे करू ते उलटवता यावं, हा अशा कामातला दंडक. तरीही काहीतरी जातंच. पहिला मुद्दा मात्र आम्हाला मान्य नाही. कॉलिंगवूडनं इतिहासकाराच्या कामाविषयी म्हटलं आहे की भूतकाळातला विचार आपल्या मनात पुन्हा घडवून आणल्याशिवाय तो कळत नाही. त्याचं पुस्तक १९४६ साली, त्याच्या मृत्यूनंतर आलं. यंत्रांचा विचार त्याच्या डोक्यात नव्हता. पण इथे ते अक्षरशः लागू पडतं. पीडीपी-१चा पडदा ठिपक्या-ठिपक्यांनी रेखाटतो, आणि त्याचा फॉस्फर निळा चमकून मग पिवळट हिरवा होत रेंगाळतो. यान वळलं की मागे एक विझत जाणारी रेघ राहते. लॅपटॉपवरच्या नकलेत ही रेघ घालायची तर ती आधी कुणीतरी खऱ्या पडद्यावर पाहिलेली हवी. नक्कल बरोबर आहे हे ठरवायला अस्सल चालतं असावं लागतं. अस्सल बंद पडलं की नकलेची साक्ष नकलच देणार.

आणि अस्सल चालवायचं तर माणसं हवीत. माउंटन व्ह्यूच्या त्या गटात स्टीव्ह रसेल होते, पीटर सॅमसनही होते. सॅमसननी विद्यार्थिदशेत पीडीपी-१वर चार आवाजांचं संगीत वाजवलं होतं. यंत्राला स्पीकर नव्हता. त्यांनी पाटीवरच्या दिव्यांना जाणाऱ्या खुणांवरून आवाज काढला होता. त्या संगीताच्या कागदी फिती संग्रहालयात होत्या. भोकं होती, कागद होता. पण ती भोकं म्हणजे स्वर, आणि ते असे वाजवायचे, हे सांगायला ज्यानं रचलं तोच खोलीत हजर होता, म्हणून ते पुन्हा ऐकू आलं. कपॅसिटर आज ना उद्या बाजारात मिळेल. हा भाग कुठून आणणार?

आपल्याकडचं सांगू का? पीडीपी-१च्याच काळात मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं टिफ्रॅक हे यंत्र स्वतः बांधलं. १९६० साली ते कामाला लागलं, त्याची स्मृतीही फेराइटच्या कड्यांचीच होती, आणि १९६५पर्यंत ते वापरात होतं. तुर्भ्याला भाभा केंद्रात १९६९ साली टीडीसी-१२ तयार झालं, पीडीपी-८सारखंच बारा बिटांचं. टिफ्रॅक चालतं कसं दिसे, त्याच्यासमोर बसलेला माणूस काय करी, हे आज आपण फोटोवरून सांगतो. फोटो वाईट नाहीत.

आम्ही १९७०च्या दशकात तर्कशास्त्र शिकवायचो तेव्हा ज्या संस्थेत होतो तिथे एक मिनीकॉम्प्युटर आला होता. संस्थेचं नाव नको. सत्यता-कोष्टकं यंत्राकडून करून घेऊ अशी हौस होती, म्हणून संध्याकाळी तिथे जाऊन बसायचो. ते चालवणारे गृहस्थ कागदी फीत उजेडाकडे धरून नुसत्या डोळ्यांनी वाचायचे. आपण वर्तमानपत्र वाचतो तशी. मग यंत्र जिन्याखालच्या खोलीत गेलं, खोलीला कुलूप लागलं, आणि एका उन्हाळी सुट्टीत ते किलोच्या भावानं भंगारात गेलं. ठरावावर आमचीही सही आहे. जागा हवी होती, वाचनालयासाठी. तेव्हा ते योग्यच वाटलं होतं.

त्यांतली एक फीत आमच्याकडे राहिली, हात-सव्वा हात लांबीची. पुस्तकात खूण म्हणून वापरत होतो. तिच्यावर आमची कोष्टकं आहेत, की कुणाच्या पगारपत्रकाचा तुकडा, ठाऊक नाही. त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीमुळे ती पुन्हा शोधून काढली. ते गृहस्थ आता नव्वदीला टेकलेत, नाशिकला मुलाकडे असतात. फोनवर म्हणाले, नजर अधू झालीय, पण भोकं बोटांनीही लागतात, घेऊन या. पुढच्या रविवारी आम्ही जाणार आहोत.