नेडचे कोळपे आणि मालकाची शपथ

पेटंट म्हणजे बुद्धीला मिळालेली सनद, अशी आपली साधी समजूत असते. नवे, उपयोगी काही शोधावे आणि सरकारदरबारी नोंदवावे; वर्ण कोण विचारतो? अमेरिकेच्या १८३६ च्या पेटंट कायद्यातही वर्णाचा उल्लेख नव्हता. अट होती ती एका शपथेची : ‘हा शोध माझाच आहे आणि मी अमुक देशाचा नागरिक आहे.’

मिसिसिपी राज्यात ऑस्कर स्टुअर्ट नावाचे एक मळेवाले होते. त्यांच्याकडच्या नेड या गुलामाने कापसाच्या ओळीच्या दोन्ही बाजू एकाच फेरीत कोळपणारे अवजार तयार केले. १८५७ मध्ये स्टुअर्ट यांनी त्याचे पेटंट स्वतःच्या नावे मागितले. गुलामाच्या हातांची मेहनत मालकाची, तर डोक्याची का नाही, असा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीयांचे नागरिकत्व नाकारले होते. त्यामुळे नेडला शपथ घेता येईना. मालक शोधक नव्हता, म्हणून त्यालाही घेता येईना. गुलामाच्या शोधाला पेटंट मिळू शकत नाही, असा अभिप्राय १८५८ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल जेरेमाया ब्लॅक यांनी दिला. स्टुअर्ट यांनी तरीही ते अवजार बाजारात आणले. वर ‘गुलामगिरीने बुद्धी खुंटत नाही’ याचा पुरावा म्हणून त्याची जाहिरातही केली! पुढे फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांनी १८६१ च्या आपल्या कायद्यात गुलामाच्या शोधाचे पेटंट सरळ मालकाला देऊ केले.

याउलट न्यूयॉर्कचे शिंपी थॉमस जेनिंग्ज. तेही कृष्णवर्णीय, पण स्वतंत्र. कपडे कोरड्या पद्धतीने स्वच्छ करण्याच्या युक्तीसाठी त्यांना १८२१ मध्येच पेटंट मिळाले होते. फरक बुद्धीचा नव्हता, कायद्यातल्या स्थानाचा होता.

गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, १८६८ मध्ये नागरिकत्व आले. पण पेटंटच्या कागदावर वर्ण नोंदला जात नसल्याने ‘कृष्णवर्णीयांनी काही शोधलेच नाही’ असे म्हणणाऱ्यांचे फावले. पेटंट कचेरीतले कृष्णवर्णीय अधिकारी हेन्री बेकर यांनी वकिलांकडे, संपादकांकडे चौकशी करून शेकडो पेटंटांची यादी जमवली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ती मांडली गेली.

अलीकडचे अभ्यासक म्हणूनच विचारतात, की कायद्यात वर्ण नसला म्हणजे कायदा निःपक्षपाती झाला का? नेड आपल्याला ठाऊक आहे तो मालकाने पत्रव्यवहार केला म्हणून. ज्यांच्या मालकांनी अर्जच केले नाहीत, अशा किती नेडांची कोळपी नुसतीच शेतात चालत राहिली असतील?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)