गाऱ्हाण्याचा इतिहास

कामगारांचा इतिहास बहुधा संपांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. संपाला तारीख असते, नेता असतो, मागण्यांचे पत्रक असते. त्यामुळे तो कागदावर उतरतो. पण संप हा शेवटचा अध्याय असतो. त्याच्या आधीची कित्येक वर्षे उशिरा मिळणारा पगार, मुकादमाची शिवी, पाण्यासाठी जागेवरून उठण्याची चोरी आणि आजारपणाच्या खाड्यात कापली गेलेली मजुरी यांत गेलेली असतात. या रोजच्या जाचाला मराठीत ‘गाऱ्हाणे’ असा नेमका शब्द आहे. गाऱ्हाणे केव्हा, कोणाच्या तोंडून आणि कोणत्या भाषेत इतिहासात प्रवेश करते, हा प्रश्न संपाच्या यशापयशाइतकाच महत्त्वाचा आहे. बंगळूर शहराच्या औद्योगिक वाटचालीत त्याची दोन परस्परभिन्न उत्तरे सापडतात. परंतु मराठी वाचकाला त्यांचा अर्थ लागण्यासाठी आरंभ मुंबईपासून करावा लागतो.

सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनसाठी सिद्ध केला. त्या अर्जातील मागण्या आज वाचताना त्यांचा साधेपणा मनाला भिडतो. रविवारी सुटी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा, कामावर जखमी झालेल्याची उपासमार होऊ नये, एवढेच त्यांचे मागणे होते. या अर्जात पगारवाढीला अग्रस्थान नव्हते. मागितला होता तो स्वतःचा वेळ आणि स्वतः कमावलेला पैसा. एप्रिल १८९० मधील कामगारांच्या विराट सभेत दोन स्त्रियांनीही भाषणे केली आणि त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पगार वेळेवर देण्याचे बंधन घालणारा कायदा मात्र १९३६ साली आला. एका साध्या गाऱ्हाण्याला कायद्याच्या भाषेत उतरण्यास बावन्न वर्षे लागली.

बंगळूरच्या आधुनिक कारखानदारीशीही एका महाराष्ट्रीय उद्योजकाचे नाव निगडित आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना उभारला. पुढे तो सरकारच्या ताब्यात गेला. स्वातंत्र्यानंतर दूरध्वनी, यंत्रे, घड्याळे आणि इलेक्ट्रॉनिक साधने बनविणारे सार्वजनिक क्षेत्रातील मोठे कारखाने शहराभोवती उभे राहिले. त्यांतील कामगाराला वसाहत, उपाहारगृह, शाळा आणि संघटना लाभली. डिसेंबर १९८० ते मार्च १९८१ या काळात या कारखान्यांतील लाखाहून अधिक कामगारांनी सुमारे अडीच महिने संप केला. भारत हेवी इलेक्ट्रिकल्समधील कामगारांच्या बरोबरीचे वेतन ही त्यांची मुख्य मागणी होती. ती पूर्णपणे मान्य न होताच कामगार कामावर परतले. तरीही, पराभवातसुद्धा त्यांच्या गाऱ्हाण्याला एक भाषा होती. ती करारांची, श्रेणींची आणि तुलनेची भाषा होती. ‘त्याला जेवढे, तेवढे मला’ असे म्हणण्यासाठी शेजारी कोणी तरी बरे मिळविणारा असावा लागतो.

तयार कपड्यांच्या कारखान्यांतील स्त्रियांना असा शेजारी नव्हता. कर्नाटकातील शहरांत शिवणकाम हा नामदेव शिंपी आणि भावसार या मराठीभाषक समाजांचा पिढीजात व्यवसाय राहिला आहे. दुकानातला शिंपी माप घेई, कापड बेती आणि अखेरचे बटणही स्वतःच लावी. वस्त्र पूर्ण त्याच्या हातचे असे. निर्यातीसाठी कपडे शिवणाऱ्या कारखान्याने हे कौशल्य तुकड्यांत वाटून टाकले. एकीने दिवसभर कॉलरच लावायची, दुसरीने खिसाच शिवायचा. तासाला किती नग व्हायला हवेत हे फळ्यावर लिहिलेले. रामनगर, मंड्या परिसरातील खेड्यांतून पहाटे निघणाऱ्या हजारो स्त्रिया या रांगांत बसू लागल्या. पगार किमान वेतनाच्या आसपास घुटमळणारा, आणि नग कमी पडले तर पर्यवेक्षकाचा आरडाओरडा ठरलेला. २००५ पासून जागतिक वस्त्रव्यापारातील कोटा संपला. स्वस्त देशांशी स्पर्धा तीव्र झाली आणि तिचा ताण या रांगेपर्यंत पोहोचला.

अशा नोकरीत टिकून राहण्याचे एक कारण म्हणजे भविष्य निर्वाह निधी. पगारातून दरमहा कापली जाणारी ही रक्कम म्हातारपणाची तरतूद आहे, असे कायदा समजत होता. कामगार स्त्रीच्या हिशेबात मात्र ती मुलीचे लग्न, मुलाची फी आणि सावकाराचे देणे होती. काही वर्षांनी नोकरी सोडायची, पैसे काढायचे, देणे फेडायचे आणि पुन्हा दुसरीकडे रुजू व्हायचे, हा परिपाठ होता. फेब्रुवारी २०१६ मधील केंद्र सरकारच्या अधिसूचनेने मालकाच्या वाट्याची रक्कम वयाच्या अठ्ठावन्न वर्षांपर्यंत काढण्यास मनाई केली. चाळिशीच्या आतबाहेरच जिथे बाई रांगेतून बाहेर पडते, तिथे अठ्ठावन्न हा आकडा थट्टेसारखाच होता.

१८ एप्रिल २०१६ रोजी बोम्मनहळ्ळी भागातील स्त्रिया काम टाकून होसूर रस्त्यावर उतरल्या. दुसऱ्या दिवशी हे लोण पीण्या आणि जालहळ्ळीपर्यंत गेले. कोणत्याही संघटनेने हाक दिली नव्हती. बसगाड्या जाळल्या गेल्या, पोलिसांनी लाठीमार केला, अनेकांना अटक झाली. १९ एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत केंद्र सरकारने ती अधिसूचना मागे घेतल्याचे जाहीर केले. संघटित कामगारांच्या अडीच महिन्यांच्या संपाला जे साधले नाही, ते या स्त्रियांना दोन दिवसांत साधले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तसे म्हणणे हा उथळ निष्कर्ष ठरेल. संपकऱ्यांनी अधिक मागितले होते. या स्त्रियांनी असलेले जाऊ दिले नाही, इतकेच. त्यांचा पगार दुसऱ्या दिवशी तोच होता आणि फळ्यावरील आकडाही तोच.

वस्तुतः या स्त्रियांचे नाते १९८१ च्या संपकऱ्यांपेक्षा १८८४ च्या अर्जदारांशी अधिक जवळचे आहे. ‘कमावलेले आमचे आहे, ते आमच्या गरजेच्या वेळी आमच्या हाती द्या’, हेच गाऱ्हाणे त्यांनी एकशे बत्तीस वर्षांनी पुन्हा मांडले. फरक असा की मुंबईच्या अर्जाला लोखंड्यांची लेखणी आणि ‘दीनबंधु’ पत्र लाभले होते. मराठी साहित्याने पुढे कामगार ओळखला तो गिरणगावातला, भोंग्यावर उठणारा, बव्हंशी पुरुष. कॉलर शिवणारी बाई त्या चित्राच्या बाहेरच राहिली. १८९० च्या सभेत व्यासपीठावरून बोललेल्या त्या दोघींपासून होसूर रस्त्यावरच्या हजारोंपर्यंत स्त्रिया बोलत आल्याच आहेत. उणीव राहिली ती लिहून घेणाऱ्यांची.